सुधाचा उजवा पाय

वेरूळला सहलीला गेला नाही असा मुलगा आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात शोधूनही सापडायचा नाही. पोळी-भाजीचा डबा, सरांच्या शिट्ट्या आणि कैलास लेण्यात आवाज घुमतो म्हणून मुद्दाम मारलेल्या आरोळ्या! पुढच्या वेळी गेलात की एक करा. तिथल्या नाचणाऱ्या शिवाच्या मूर्तींसमोर दोन मिनिटं उभे राहा. वेरूळला अशी मूर्ती एकच नाही, वेगवेगळ्या लेण्यांत कितीतरी आहेत. इतक्या शतकांत त्यांची मोडतोडही पुष्कळ झाली आहे. कुठे हात कोपरापासून गेलाय, कुठे बोटं झिजलीत, कुठे पाय तुटलाय. पण त्यांच्यासमोर उभं राहून "अरेरे, हा आता कसा नाचणार?" असं कुणी म्हणतं का? कमरेचा बाक, मानेचा झोक, पाऊल टाकण्याचा आवेश हे सगळं तिथे असतंच. तुटलेला हात आपण मनातल्या मनात पुरा करून टाकतो.

दगडाच्या बाबतीत आपल्याला हे चटकन जमतं. स्वतःच्या बाबतीत मात्र भलतंच अवघड जातं. दिवाळीत भुईनळा हातात फुटून भाजलेला मुलगा ऐन मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून फिरतो. अपघातातून उठलेली मुलगी पी.टी.च्या तासाला रोज नवं कारण शोधते आणि वर्गाच्या फोटोत मागच्या रांगेत जाऊन उभी राहते. डॉक्टर म्हणतात, जखम भरली. आई-बाबा म्हणतात, चला, सुटलो. पण आरशासमोर उभं राहिलं की तिला फक्त तो व्रण दिसतो. बाकीची सगळी मुलगी कुठे गेली, कुणास ठाऊक!

आजची गोष्ट आहे अशा एका मुलीची, जिचा नुसता व्रण राहिला नव्हता, पायच गेला होता. आणि ती होती नर्तकी.

सुधा चंद्रन हे नाव तुमच्या आईला विचारा, ती लगेच सांगेल. 'कहीं किसी रोज' या मालिकेतली ती ठसठशीत टिकल्यांची रमोला सिकंद! आजीला विचाराल तर ती म्हणेल, "नाचे मयूरी." सुधा मुंबईची. १९६५ साली जन्मलेली. घर तमिळ, वडील के. डी. चंद्रन हे पुढे सिनेमा-मालिकांतून दिसलेले अभिनेते. अगदी लहानपणापासून ती भरतनाट्यम शिकत होती आणि शाळकरी वयातच तिचे बरेच कार्यक्रम झाले होते. अभ्यासातही हुशार.

१९८१ च्या मे महिन्यात, उन्हाळ्याच्या सुट्टीत, तमिळनाडूत प्रवास करताना बसला अपघात झाला. सुधा तेव्हा सोळाचीही नव्हती. पायांना जखमा झाल्या. आधी जवळच्या रुग्णालयात उपचार झाले, मग तिला मद्रासला म्हणजे आताच्या चेन्नईला हलवलं. तिथे डॉक्टरांच्या लक्षात आलं की उजव्या पायात गँगरीन झालं आहे. गँगरीन म्हणजे रक्त न पोचल्यामुळे शरीराचा तो भाग मरत जाणं. ते वर पसरू लागलं तर जिवावरच बेततं. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

जरा थांबून विचार करा. क्रिकेट खेळणाऱ्या मुलाचा पाय गेला तर वाईटच, चित्र काढणाऱ्याचा गेला तरी वाईटच. पण नाचणाऱ्या मुलीचा पाय म्हणजे तिची पाटी-पेन्सिलच की! आयुष्यातला सगळ्यात कठीण काळ तोच, असं सुधाताईंनी पुढे अनेकदा सांगितलं. भेटायला येणारी माणसं हळहळायची. त्या हळहळण्याचा राग यायचा तो वेगळाच. (हे आपल्याकडेही होतं. आजाऱ्याला भेटायला येणारे काही पाहुणे आजारापेक्षा जास्त त्रास देतात!)

त्याच वर्षी, म्हणजे १९८१ मध्ये, जयपूरच्या डॉ. प्रमोद करण सेठी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कशासाठी? तर 'जयपूर फूट' या कृत्रिम पायासाठी. त्यांच्याबद्दल सुधाच्या वाचनात आलं आणि तिथून पुढची गोष्ट बदलली.

हा जयपूर फूट काय होता, ते नीट समजून घेऊ या, कारण त्यातच सगळी किल्ली आहे. पूर्वी कृत्रिम पाय मिळायचे ते परदेशी धर्तीचे. बुटात घालून खुर्ची-टेबलाच्या घरात वावरायला ते ठीक होते. पण आपण घरात अनवाणी चालतो, मांडी घालून जेवतो, उकिडवे बसतो, शेतात चिखल तुडवतो. तो ताठ पाय घालून यातलं काहीच धड होत नसे. बरेच जण काही दिवस वापरून तो कोपऱ्यात ठेवून द्यायचे आणि पुन्हा कुबड्या घ्यायचे. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात रामचंद्र शर्मा नावाचे एक कारागीर होते. शाळा फार झालेली नव्हती, पण हातात जादू होती. त्यांनी आणि डॉ. सेठींनी मिळून १९६८ च्या सुमारास रबर, लाकूड आणि स्पंजासारखं मऊ रबर वापरून एक पाय तयार केला. दिसायला खऱ्या पायासारखा, बोटांसकट! टायरला रबर चढवायच्या दुकानात वापरतात तीच तऱ्हा यात कामी आली. हा पाय पुढच्या बाजूला वाकतो, थोडा आजूबाजूला कलतो, बूट नसला तरी चालतो आणि त्याची किंमतही गरिबाला पेलेल अशी होती. १९७५ पासून जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती असे पाय गरजूंना मोफत बसवून देते आहे.

भरतनाट्यम अनवाणी नाचतात. गुडघे बाहेरच्या बाजूला वळवून, अर्धवट बसून, तळवा जमिनीवर थाडकन आपटायचा. या बैठकीला अरैमंडी म्हणतात. तुम्ही आत्ता उठून एक मिनिट करून बघा, मांड्या थरथरायला लागतील! आता हीच बैठक रबरी पायावर. त्या पायाला जमीन कळत नाही. फरशी गार आहे की गरम, सपाट आहे की उतरती, हे नर्तकीला तळव्यातून समजत असतं. सुधाला ते आता समजणार होतं फक्त गुडघ्याखालच्या उरलेल्या भागावर पडणाऱ्या दाबावरून. तिथली कातडी असा भार सोसायला बनलेली नसते. सरावात ती सोलवटून निघायची, रक्त यायचं. आधी चालणं, मग तोल, मग साधी साधी पावलं. लहानपणी शिकलेलं सगळं पुन्हा मुळाक्षरांपासून. दोन-अडीच वर्षं हे चाललं होतं.

जानेवारी १९८४ मध्ये मुंबईत तिचा पुन्हा कार्यक्रम झाला. कृत्रिम पायावर, पूर्ण भरतनाट्यम. त्या रात्री वडिलांनी आपल्या पायांना हात लावला, असं सुधाताईंनी मुलाखतीत सांगितलं आहे. आपल्याकडे मुलं वडिलांच्या पाया पडतात, वडील मुलीच्या नाही. आणि इथे त्या दोन पायांपैकी एक रबराचा होता.

पुढे १९८५ साली 'मयूरी' हा तेलुगू चित्रपट याच कथेवर निघाला आणि त्यात सुधाची भूमिका स्वतः सुधाने केली. त्यासाठी तिला राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. १९८६ मध्ये त्याचाच हिंदी अवतार 'नाचे मयूरी' आला.

इथपर्यंतची गोष्ट तुमच्यापैकी काहींनी ऐकलेली असेल. भाषणात, निबंधात 'जिद्द' या विषयाखाली सुधा चंद्रन हमखास येतात. पण मला नेहमी वाटतं, 'जिद्द, जिद्द' म्हणून आपण खरी मजेची गोष्ट सोडून देतो. जिद्दीच्या जोरावर ती बँकेत अधिकारी झाली असती, तरी पाय गेल्याचं दुःख तसंच राहिलं असतं कदाचित. नाचानेच तिला तिचं शरीर परत कसं दिलं, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर आपल्या सगळ्यांच्या डोक्यात दडलेलं आहे. अगदी खरोखर, मेंदूत!

डोळे मिटा आणि बोटाने स्वतःच्या नाकाच्या शेंड्याला हात लावा. लागला ना? डोळे मिटलेले असताना नाक कुठे आहे ते कसं कळलं? कारण मेंदूजवळ आपल्या सगळ्या शरीराचा एक नकाशा असतो. कुठला अवयव कुठे आहे, केवढा आहे, काय करू शकतो, याची त्यात सतत नोंद होत असते. पाय कापला तरी हा नकाशा लगेच बदलत नाही. म्हणून कापलेल्या पायाची बोटं खाजताहेत, दुखताहेत असं अनेकांना जाणवतं. चेष्टा नाही, खरंच दुखतं. आपल्या तमिळनाडूत जन्मलेले आणि अमेरिकेत संशोधन करणारे डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात यावर एक साधी युक्ती काढली. खोक्यात उभा आरसा ठेवायचा आणि त्यात शाबूत हाताचं प्रतिबिंब असं पाडायचं की गेलेला हातच तिथे आहे असं वाटावं. शाबूत हात हलवला की 'दुसरा'ही हलताना दिसतो. गेलेल्या हाताची मूठ जणू घट्ट आवळून राहिली होती, ती काहींना सुटल्यासारखी वाटली, कळ कमी झाली.

या नकाशाच्या जोडीला मनात आपल्या शरीराचं एक चित्रही असतं. मी कसा दिसतो, लोकांना कसा वाटतो, मला मी आवडतो का, हे सगळं त्या चित्रात येतं. त्याला शरीरप्रतिमा म्हणतात. पॉल शिल्डर या व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी १९३५ साली यावर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. हे चित्र कायमचं छापलेलं नसतं, आपण हालचाल करतो तसं ते बदलत राहतं, आणि नाचाने तर चांगलंच बदलतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

आता नुसत्या आरशात काय होतं बघा. आपण गप्प उभे असतो आणि डोळे दोष शोधत फिरतात. नाक, मुरुम, व्रण, पोट. नाच सुरू झाला की डोळ्यांना ती सवडच मिळत नाही. ता थेई थेई तत, आ थेई थेई तत. कथकचा हा पहिला धडा. आठ मात्रा, उजवा-डावा-उजवा-डावा, मग डावीकडून तसंच. पाय चुकला की सम चुकणार! त्या वेळी पाय 'कसा दिसतो' हा प्रश्न कुणाला सुचणार? तो वेळेवर पडला की नाही, एवढंच उरतं. शरीर ही बघायची वस्तू राहत नाही, करायची गोष्ट होते. अपघात झालेल्या मुलीला याची दुप्पट गरज असते. कारण कित्येक महिने तिच्या शरीराला दुसऱ्यांनीच हात लावलेला असतो. डॉक्टरांनी, नर्सने, ड्रेसिंग करणाऱ्यांनी. तिने फक्त सोसलेलं असतं. नाचात पहिल्यांदा तीच त्याला सांगते, हाताला वर जा, मानेला वळ. आणि ते ऐकतं.

म्हणूनच जगात ठिकठिकाणी नाचाचा उपचार म्हणून वापर होतो. अमेरिकेत मॅरियन चेस नावाच्या नर्तकीने १९४० च्या दशकात वॉशिंग्टनच्या मनोरुग्णालयात हे काम सुरू केलं. आपल्याकडे कोलकात्यात सोहिनी चक्रवर्ती यांची 'संवेद' ही संस्था अत्याचारातून सुटलेल्या मुलींबरोबर नाचातून काम करते. आणि एड्रियान हॅसलेट ही अमेरिकेतली बॉलरूम नर्तकी! एप्रिल २०१३ मध्ये बोस्टन मॅरेथॉनच्या वेळी झालेल्या बॉम्बस्फोटात तिचा डावा पाय गेला. मार्च २०१४ मध्ये ती पुन्हा रंगमंचावर नाचली, तीही यंत्राच्या पायावर. तो पाय तयार केला ह्यू हर या शास्त्रज्ञाने, ज्याचे स्वतःचे दोन्ही पाय सतराव्या वर्षी बर्फात गिर्यारोहण करताना गेले होते.

पण लांब कशाला जायचं? आपल्या शहरापासून जेमतेम १५ किलोमीटरवर देवगिरीचा किल्ला आहे. तेराव्या शतकात तिथल्या यादव राजा सिंघणाच्या दरबारात शार्ङ्गदेव नावाचे एक पंडित होते. काम हिशेबाचं, नाद संगीताचा. त्यांनी लिहिलेला 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ आजही देशभरचे कलाकार अभ्यासतात. त्याचे सात अध्याय आणि सातवा सगळा नृत्याचा. गंमत म्हणजे, स्वर-ताल शिकवायच्या आधी पहिल्याच अध्यायात ते माणसाचं शरीर कसं घडतं ते सांगतात. आधी शरीर, मग संगीत! नृत्याच्या आपल्या परंपरेत शरीराची सहा अंगं मोजतात. डोकं, हात, छाती, कुशी, कंबर आणि पाय. प्रत्येकाच्या हालचालींना नावं आहेत. डोकं किती प्रकारांनी हलतं, हात किती प्रकारांनी. शरीर म्हणजे काय काय करता येतं त्याची ती यादीच आहे म्हणा ना! एक पाय दुखावला तर त्या यादीतलं किती उरतं, हे ज्याने त्याने मोजून पाहावं.

याच शार्ङ्गदेवांच्या नावाने आपल्या शहरात महागामी हे गुरुकुल समारोह भरवतं. एमजीएमच्या आवारातलं हे गुरुकुल १९९६ पासून चालू आहे आणि पार्वती दत्ता यांच्या मार्गदर्शनाखाली तिथे कथक आणि ओडिसी शिकवतात. पाहायला जरूर जा. शहराच्या वसाहतींमधून लहान-मोठे क्लासही पुष्कळ आहेत.

आता थोडं आई-बाबांशी बोलायचं आहे. मुलांनो, हा भाग तुम्हीच त्यांना वाचून दाखवा.

नाच म्हटला की पाय, असं आपण धरून चालतो. तसं मुळीच नाही. लखनौ घराण्याचे शंभू महाराज बसल्या जागी एकेका ओळीवर कितीतरी भाव दाखवत. आपल्याकडे बैठकीच्या लावणीची परंपरा आहे. वाईच्या यमुनाबाई वाईकर त्यातल्या मोठ्या कलावंत. २०१२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बसून केलेली अदाकारी ही कमी प्रतीची कला नव्हे, उलट तीच जास्त अवघड. तेव्हा मुलगी खुर्चीत असेल, पाय प्लास्टरमध्ये असेल, तरी हस्तमुद्रा, नजर, बोलांची पढंत एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. कुठल्या हालचाली चालतील ते मात्र आधी हाडांच्या डॉक्टरांना आणि व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओथेरपिस्टना विचारायचं. भाजलेली कातडी ताणायची की नाही, किती ताणायची, हे क्लासच्या ताईंनी ठरवायचं नाही. आणि मूल रात्री दचकून उठत असेल, त्या प्रसंगाचं नाव काढताच थिजत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ आधी. नाच त्याच्या जोडीला, त्याच्या बदली नाही.

क्लास निवडतानाही डोळे उघडे ठेवा. सगळ्याच नाचाने मन सुधारतं असं समजू नका. "तू जाड आहेस, मागे उभी राहा", "हिला पुढच्या रांगेत घेऊ नका, हात दिसतो" असं जिथे बोललं जातं, तिथे बऱ्या मुलांचंही मन बिघडतं. असा क्लास कितीही नावाजलेला असो, दुसरा शोधावा. पहिले काही आठवडे आरशाकडे पाठ करून शिकू द्या, असं सांगितल्यावर ज्या शिक्षिका हसत नाहीत, त्या चांगल्या.

आणि एक कळकळीची विनंती. स्नेहसंमेलनात अशा मुलाला किंवा मुलीला 'बघा, हिने कशी मात केली' म्हणून उभं करू नका. निवेदकाने अपघाताची सगळी कहाणी माइकवरून सांगायची, पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसायचे आणि मग टाळ्या. त्या टाळ्या नाचाला नसतात, हे मुलांना बरोबर कळतं. तिला यायचं असेल तर गटात येऊ द्या, नाव इतरांसारखंच पुकारा. नसेल यायचं तर पडदा ओढायचं कामही मानाचंच आहे!

वर्गातल्या दोस्तांना वेगळं सांगायला नको, पण सांगतोच. ती परत येईल तेव्हा टक लावून बघू नका आणि मुद्दाम दुसरीकडेही बघू नका. दोन्ही तिला कळतं. "दुखतं का गं?" असं एकदा विचारायला हरकत नाही. त्यापुढे तुमची नेहमीची भांडणं चालू ठेवा.

सुधाताई साठीच्या झाल्या तरी त्यांचा आणि त्या पायाचा झगडा संपलेला नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांनी एक व्हिडिओ काढून पंतप्रधानांना विनंती केली. विमानतळावर तपासणीच्या वेळी प्रत्येक खेपेला कृत्रिम पाय काढून दाखवायला लावतात, ते फार क्लेशाचं असतं, आमच्यासारख्यांना एखादं ओळखपत्र द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. सुरक्षा दलाने त्यांची माफी मागितली. ज्या पायावर उभं राहून त्या रंगमंचावर नाचल्या, तो चारचौघांत काढून द्यायला लागणं त्यांना सहन होत नव्हतं. कारण इतक्या वर्षांत तो बसवलेला पाय राहिलाच नव्हता. तो त्यांचा पाय झाला होता.